अकरा ओळी

मासिकाचे वर्गणीदार सहाशे आणि लिहिणारे सात-आठ, एकापेक्षा एक तऱ्हेवाईक. पण कोणी कितीही मोठा झाला तरी त्याचं लिखाण शेवटी एकाच माणसाच्या बोटांतून जायचं. तो कंपोझिटर. सगळे त्याला मामा म्हणत. भाचा त्याला एकही नव्हता.

मामा एकतीस वर्षं एकाच खिडकीपाशी उभा होता. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. समोर खिळ्यांची उतरती लाकडी पेटी, तिच्यात शेकड्यांनी खाने, प्रत्येक खान्यात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. उजवा हात न बघता खिळा उचलणार. पानाला हजार-दीड हजार खिळे, तितक्याच वेळा हात जाणार, तितक्याच वेळा येणार. छापून झालं की तेच खिळे पुन्हा आपापल्या खान्यात. हे काम बसून होत नाही. ज्याला होतं असं वाटतं, त्यानं एक दिवस करून बघावं.

कवी पाकिटांच्या पाठीवर लिहायचा आणि कविता जुळवून झाली की प्रूफावर एक शब्द बदलायचा. "एकच शब्द हो, मामा!"

"भिंतीतली तळाची वीटही एकच असते," मामा म्हणायचा आणि सगळं पान पुन्हा सरकवायचा.

चित्रकाराला दिलेल्या मापात चित्र काढणं म्हणजे अपमान वाटे. त्याच्या घोड्याची शेपटी दर वेळी पानाबाहेर जाई, ती कापावी लागे. मग तो आठवडाभर अबोला धरायचा आणि पुढच्या महिन्यात त्याहून लांब शेपटीचा घोडा आणायचा. या सगळ्यांची समजूत काढता काढता संपादकाला टक्कल पडलं होतं.

आणि एक होता कादंबरीकार. उन्हाळ्यातही गळ्यात लोकरीचा मफलर, म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला मफलरच म्हणत. दर महिन्याला त्याच्या कादंबरीचा एक भाग यायचा. सुरुवात अशी करायचा की मामाचा हातसुद्धा थबकावा. शेवटाला मात्र त्याची गाडी चिखलात रुतायची.

सात वर्षांपूर्वी एका महिन्यात त्याचा मजकूर अकरा ओळी कमी पडला. मफलर परगावी गेलेला, मशीन खोळंबलेलं. अशा वेळी रिकाम्या जागेत एखादी नक्षी बसवतात, नाहीतर सुविचार. मामानंही तेच करायला हवं होतं. पण हात भरात होता. समोर कागद नसताना तो खान्यांत गेला आणि अकरा ओळी जुळवून मोकळा झाला. कादंबरीतली बाई दार उघडून नवऱ्याला म्हणते, "पाय पुसून आत या. घर माझं आहे, तुम्ही नुसते येऊन-जाऊन असता."

अंक निघाला आणि संपादकाच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. शेवट काळजाला भिडला म्हणे. मफलर प्रेसमध्ये आला. उभ्यानंच पान वाचलं, मामाकडे पाहिलं. मामानं मान खाली घातली. पुढच्या महिन्याचा मजकूर बरोबर अकरा ओळी कमी आला.

तिथे मामा अडकला. सांगावं तर दुसऱ्याच्या लिखाणात हात घातल्याचं कबूल करायचं. इतक्या वर्षांची अब्रू जायची. न सांगावं तर दर महिन्याला अकरा ओळी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बरं, मारही गोड लागायला लागला होता. म्हणून एकदा त्यानं घरी पेन घेऊन स्वतःचं काही लिहायला घेतलं. दोन तास बसला. एक ओळ नाही. उभं राहून बोटांना शिसं लागलं तरच त्याला शब्द सुचायचे.

पुढे पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. डॉक्टर म्हणाला, उभं राहणं बंद. लेकीनं घरातली एक खोली रिकामी करून ठेवली. एक तारखेला तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं. बायकोनं गाद्या बांधून भिंतीला लावल्या.

आठवडा उरला असताना मफलर खिडकीपाशी आला.

"जाताय म्हणे, मामा."

"पाय म्हणतात, जा."

"कादंबरी चार महिन्यांत संपतेय. तेवढं निभावून नेता का?"

"तुमची आहे. तुम्ही संपवा."

"मला येत नाही," मफलर म्हणाला. "कधीच येत नव्हतं."

सात वर्षांत दोघांमध्ये झालेलं हे पहिलं खरं बोलणं. त्यानं गळ्यातला मफलर काढून तोंड पुसलं. मान अगदी बारीक होती त्याची. मामा हो म्हणून बसला.

घरी बायको बांधलेल्या गादीवर बसून भाजी निवडत होती.

"चार महिने? कशासाठी?"

"त्याला शेवट जमत नाही."

"आणि तुम्हाला जमतो?"

मामा टोपी खुंटीला अडकवायला वळला.

"अहो, मला काय वाचता येत नाही? सात वर्षं मी संध्याकाळी बोलते आणि महिनाअखेरीस ते छापून येतं. 'पाय पुसून आत या' हे कोण म्हणालं होतं? आणि खाली नाव त्या मफलरचं!"

"तुला कळलं होतं?"

"आपलं बोलणं आपल्याला ओळखू येत नाही होय? वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल." तिनं देठ बाजूला टाकले. "एक तारखेला मी निघाले. तुमच्या ओळी संपल्या की या. संपल्या तर."

एक तारखेला ती गेली. एक गादी तिनं सोडून ठेवली होती.

त्या महिन्यात मामा पेटीपुढे उभा राहिला आणि हात जागचा हलेना. घरी बोलायलाच कोणी नव्हतं, तर बोटांत येणार कुठून? जुळवलेली पानं चौकटीत आवळायला खोळंबलेला मशीनवाला तिकडून ओरडला, "मामा, फर्मा बांधायचाय! मुहूर्त बघताय का?"

मग तिला जे सांगायचं होतं तेच मामानं जुळवायला घेतलं. कादंबरीतला नवरा बायकोला पत्र लिहितो, असं दाखवलं. चहा अजून दोन कपांचा होतो. मी पाय पुसून आत येतो, बघायला कोणी नसतं. तुझं बोलणं मी चोरलं, मला माफ कर. बरोबर अकरा ओळी भरल्या. हाताला दुसरं माप ठाऊकच नव्हतं. अंक निघाला तसा पहिला त्यानं तिला टपालानं पाठवला.

पुन्हा पत्रांचा ढीग पडला. संपादकानं भर प्रेसमध्ये मफलरची पाठ थोपटली. कादंबरी आणखी वर्षभर चालवायचं जाहीर करून टाकलं. मफलरनं नको म्हटलं नाही. तो खिडकीकडे बघत राहिला. मामा एकाच पत्राची वाट बघत होता.

ते बाराव्या दिवशी आलं. साधं कार्ड.

"अंक मिळाला. पत्र चांगलं आहे, दोनदा वाचलं. पण खाली नाव परक्याचं आहे. परक्याच्या पत्राला मी उत्तर देत नाही. खोली रिकामी आहे."

मामानं कार्ड पेटीच्या कडेला उभं केलं आणि स्टिक उचलली. एकतीस वर्षांत त्यानं सगळ्यांची नावं जुळवली होती, चित्रकाराच्या घोड्याचंसुद्धा. स्वतःचं कधी नाही. बोटांना खाने आठवायला जरा वेळ लागला. नाव जुळलं. उलट्या अक्षरांत, उजळ, छोटंसं. या महिन्याच्या अकरा ओळी जुळून तयार होत्या, त्यांच्याखाली सहज बसलं असतं.

"मामा, फर्मा!" मशीनवाला ओरडला.

पाय ठणकत होते. मग मामानं अकरा ओळी नावाशिवायच मशीनवाल्याकडे सरकवल्या आणि नावाचा एकेक खिळा उचलून परत आपापल्या खान्यात टाकला. एकही चुकला नाही.