बिडी सोडलेल्या आप्पाला घेऊन बेळगावला

या गं, जरा जवळ सरकून बसा. आधी तुमची कानउघाडणी करते. डॉक्टरांपुढं गेलात की तुम्ही निम्मंच सांगता. काय खाल्लं ते सांगता, काय सोडलं ते सांगत नाही. मीही तशीच होते, म्हणून तर हा निपाणी-बेळगाव प्रवास घडला. म्हणाल, दोन-अडीच तासांच्या एसटीचं कसलं प्रवासवर्णन? पण जीव मुठीत धरून बसलं की दोन तासही लांब होतात.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा धाकटा भाऊ कोगनोळीला राहतो. घरात सगळे त्याला आप्पा म्हणतात, मीही. त्याला दमा, आणि वर दिवसाला दोन बंडल बिडी. मी स्वतः बारा वर्षं निपाणीच्या वखारीत (तंबाखू साठवायच्या, चाळायच्या जागी) काम केलेली. मी कुठल्या तोंडानं त्याला सोड म्हणणार? पण त्या भाऊबीजेला ओवाळलं, त्यानं खिशात हात घातला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पैसं नगंत. बिडी दे ओवाळणीत. कायमची."

तो हसला. बंडल आणि काडेपेटी ताटात ठेवली. आणि खरोखर सोडली की हो!

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला. आप्पाचे हात कापतात, झोप नाही, अन्न ठरत नाही, छातीत सारखी धडधड. त्याला निपाणीत आणला. दम्याच्या गोळ्या देणारे नेहमीचे डॉक्टर गावी गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "बिडी ओढता?"

"न्हाय," आप्पा ताठ बसून म्हणाला. मीही कौतुकानं मान हलवली.

"हृदयाचं दुखणं असू शकतं. बेळगावला दाखवा," म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. मी, आप्पा आणि त्याची बायको शेवंता. स्टँडवरच शेवंतानं तोंड फिरवलं होतं. तवंदीचा घाट लागला तशी ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "वन्सं, वाळणी मागायची तर लुगडं मागायचं. तुमी माझं माणूसच मागितलंसा की."

मलाही तेच वाटत होतं.

"एक बिडी वढू द्या त्यास्नी. बगा कसं थांबतंय कापणं."

"गप गं," आप्पा म्हणाला. त्याच्या दातांवर दात वाजत होते. "दिल्याली वाळणी माघारी घेत न्हाईत."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखूची हिरवीगार शेतं उभी होती. रुंद, जाड पानं, बायका ओळीनं शेंडे खुडत होत्या. इतर वेळी मी त्यांच्याकडे बघून हात केला असता. संकेश्वरच्या अलीकडे आप्पाला उमळून आलं, आणि शेजारच्या म्हातारीच्या पदरावर सगळं गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कानडी बाई मेथीची बुट्टी (टोपली) मांडीवर घेऊन बसली होती. "एन आत्री? (काय झालं?)" म्हणून तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कनवटीचं लिंबू काढून त्याच्या हातात दिलं आणि पदर झटकत म्हणाली, "इरली बिड्री (असू द्या, सोडा)." उतरेपर्यंत तिनं पुन्हा त्या पदराचा विषय काढला नाही.

हत्तरगी, यमकनमर्डी, काकती करत बेळगाव आलं. हवेत गारवा होता. दवाखाना कँपाच्या (लष्करी छावणीच्या) बाजूला, कौलारू, पुढं मोठं आंब्याचं झाड. डॉक्टर वयस्क, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, छाती ऐकली, हात पुढं करायला लावले. बोटं पिंपळाच्या पानासारखी हलत होती.

"बिडी?"

"न्हाय," आप्पा.

"एकसुदिक न्हाय," मी.

शेवंताचा बांध तिथं फुटला. "आता न्हाय! भाऊबीजपतोर दिसाला दोन बंडलं वढत हुते. ह्या वन्संनी सोडवली आन् माणूस असं झालं!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "थांबा. बिडी सोडली, आणि गोळ्या?"

"गोळ्या हाईत की," आप्पा म्हणाला. "सकाळ, दुपार, सांज. दोनानं भागंना म्हणून डाक्टरनं तीन केल्या हुत्या."

"केव्हा? बिडी चालू असताना?"

"व्हय."

"आणि चहा?"

आप्पानं मान खाली घातली. शेवंता म्हणाली, "बिडी सुटल्यापासनं दहा कप तर हुतोच."

डॉक्टर हसले. मग त्यांनी समजावलं. औषध पोटातून रक्तात जातं आणि रक्ताबरोबर यकृतात (मटणात आपण जिला कलेजी म्हणतो ती). तिथं एन्झाईम असतात. शब्द नवा होता, मी चिठ्ठीमागं लिहून घेतला. हे एन्झाईम औषध मोडतात, मग ते लघवीवाटे बाहेर जातं. बिडीचा धूर रोज आला की यकृत ठरावीक एन्झाईम वाढवतं, आणि ते धुराबरोबर दम्याची ही थिओफायलीनची गोळीही भराभरा मोडून टाकतात.

मी न राहवून बोलले, "म्हंजे वखारीगत. माल वाढला की मालक कामाला बायका वाढवतोय."

"अगदी तसंच, आक्का. धूर बंद झाला, आठवडाभरात जादा बायका घरी गेल्या. माल मात्र तेवढाच येतोय. मग तो साठत चालला. तेच हे कापणं, तीच ही उलटी. आणि चहातलं तरतरी आणणारं द्रव्यही त्याच बायकांनी मोडायचं असतं, तेही साठलं."

आप्पाचे डोळे चमकले. "म्हंजे डाक्टरसाहेब, बिडी वढली तर समदं जाग्यावर येतंय?"

"गोळी येईल. फुप्फुसं येणार नाहीत. बिडीला हात लावायचा नाही, गोळी कमी करायची."

"मग नुसती तंबाखू खाल्ली तर?"

"आप्पा!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. त्या दिवशी आम्ही दोघी एकमतानं बोललो ते तेवढंच.

पण डॉक्टर पुढं गंभीर झाले. ठोके जलद होते, बाकी आलेख ठीक दिसत होता. रक्तात औषध किती साठलं ते मोजायची सोय तिथं नव्हती. म्हणून आप्पाला ठेवून घेतलं. आज गोळी बंद, चहा बंद, दम लागला तर बघायला डॉक्टर होतेच. "उद्यापर्यंत उतार पडला तर माझं खरं. नाही पडला तर हृदयाचं पुढचं बघावं लागेल."

संध्याकाळी बसवेना म्हणून आम्ही खडेबाजारात फिरून आलो. कुंद्याच्या (दूध आटवून केलेल्या तांबूस मिठाईच्या) दुकानदारानं, "आक्का, चाखून तर बघा की," म्हणून हातावर ठेवला. आम्ही तो न चाखताच कागदात बांधून घेतला. शेवंता चालता चालता म्हणाली, "वन्सं, काय झालंच तर मी तुमास्नी माफ करणार न्हाई." मी म्हटलं, "करू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्याच्या नळावर भांडी विसळत होते. शेवंता पळत आली. म्हटलं, संपलं सगळं. तिनं माझा हात धरून ओढत नेलं आणि दारात उभी केली.

"ऐका."

आप्पा घोरत होता. लाकूड कापल्यासारखा, उघड्या तोंडानं, आणि छातीवरचा हात अगदी स्वस्थ. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून ऐकत राहिलो. असलं घोरणं ऐकायला मी आयुष्यात पहिल्यांदाच बसले. शेवंता रडत रडत हसली आणि म्हणाली, "वन्सं, ह्ये रोज मला ऐकावं लागतंय बगा."

डॉक्टरांनी नाडी धरली आणि गोळी निम्म्यावर आणली. निपाणीच्या डॉक्टरांना लिहूनही दिलं. तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत आप्पानं तीन इडल्या खाल्ल्या आणि चहावाल्याकडे बघून उसासा टाकला. शेवंता माझ्या खांद्यावर डोकं टेकून संकेश्वरपर्यंत झोपली.

मी जागी होते. वाटत होतं, आपण माणसाच्या भल्याचं मागतो, पण त्याच्या शरीरानं कशाकशाशी जुळवून घेतलेलं असतं ते आपल्याला ठाऊक नसतं. मागणं चुकलं नव्हतं. डॉक्टरांना विचारायचं राहिलं होतं. त्या दिवसापासून छातीवरचा धोंडा उतरला तो उतरलाच.

आता तुम्ही सवड काढून कोगनोळीला या. आप्पा मजेत आहे. ही गोष्ट तो मला खलनायिका करून सांगतो, आणि दर खेपेला बसमधली उलटी थोडी मोठी करतो. आत्ता ती निम्म्या गाडीवर गेली आहे. कंडक्टरपर्यंत पोचायच्या आत येऊन ऐकून जा.