'मेलो' म्हणजे हसलो

पद्माआक्का लोकांच्या फेसबुकवरच्या पोस्ट मोठ्यानं वाचायच्या. स्टाफरूममध्ये चहा निवून जायचा आणि त्या उचगावच्या कुणा पोराची पोस्ट उचगावच्या हेलात वाचत असायच्या, नंदगडच्या बाईची नंदगडच्या. बेळगावच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवत होतो. त्या मानसशास्त्र, मी मराठी. निपाणीच्या जैन शेतकरी घरातल्या त्या, कन्नड आणि मराठी दोन्ही जिभेवर सारख्याच. म्हणायच्या, "डोळ्यानं वाचलं की नुसता शब्द कळतोय गं. माणूस कळायला कानानं वाचाय लागतंय."

हे वाचन कामाचं होतं. बेंगळूरच्या एका संशोधन गटानं तालुक्यातालुक्यातल्या लोकांच्या पोस्ट गोळा केल्या होत्या. कुठली माणसं चिडकी, कुठली मनमोकळी, कुठली उदास, हे संगणक त्यांच्या शब्दांवरून ठरवणार आणि त्याचा नकाशा होणार. मराठीची बाजू आक्कांकडं होती. पहिल्या नकाशात आमचा सीमाभाग सगळ्यांत गडद आला: उदास, जिवाला कंटाळलेला. शिवाय बायका जवळपास नाहीतच! आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. संगणकानं त्यांना सरसकट पुरुष करून टाकलं होतं.

आक्का आधी हसल्या, मग भडकल्या. "आमची माणसं मरायला टेकल्यात व्हय? 'मेलो' म्हंजे हसून मेलो. 'खलास' म्हंजे लई भारी. ह्येंना कोण सांगणार?"

त्यांनीच सांगितलं. बैठकीत भांडल्या, पोस्टमागून पोस्ट वाचून दाखवल्या. शेवटी गटानं मानलं आणि आमच्या भागापुरते ते शब्द दुःखाच्या शब्दांतून काढले. नवा नकाशा उजळ निघाला. त्या दिवशी आक्कांनी सगळ्या स्टाफला कुंदा वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या भावानं, महावीरनं, एक पोस्ट टाकली. निपाणीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचीही टिंगल करणारा गडी. लिहिलं होतं, "मेलो रं गड्यांनो. खलास." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आक्कांनीही एक हसरा चेहरा टाकला आणि त्या तासावर गेल्या. संध्याकाळी निपाणीहून फोन आला. महावीरनं जीव दिला होता. का, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

मी निपाणीला गेले तेव्हा आक्का घराच्या सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा हात धरला तो सोडेचनात.

"मीबी हसलो गं," म्हणाल्या. "त्या यंत्राला कळालं असतं. मीच त्येचं तोंड बंद केलो."

"आक्का, एवढ्यावरून कुणाला कळणार होतं?"

"कुणाला न्हाय. मला कळायला पाहिजे हुतं. आई गेल्यावर मीच वाढवलो त्याला."

महिन्याभरात त्या बेंगळूरला गेल्या. ते शब्द परत घाला म्हणून हात जोडले. गटातली माणसं भली होती. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि सांगितलं, "परत घातले तर सगळा भाग पुन्हा चुकीचा दिसेल. मॅडम, तुमचंच म्हणणं बरोबर होतं."

परतल्यावर आक्का मला म्हणाल्या, "बरोबर हुतं गं. त्येच तर सोसंना."

नोकरी सोडून त्या निपाणीला गेल्या. आता दिवसभर फोन लावत असतात. ओळखीचं कुणी 'मेलो', 'जीव गेला' असं काही लिहिलं की लगेच फोन. जुने विद्यार्थी सुरुवातीला घाबरायचे, मग वैतागले, आता पुष्कळजण उचलत नाहीत. न उचललेल्या फोनानं त्या रात्रभर जागतात, असं त्यांची भावजय, महावीरची बायको, सांगते.

मी रोज त्यांना फोन करते. "कशा आहात आक्का?"

"बरी हाय की. मला काय धाड भरलीया?" आणि हसतात.

ते हसणं मी कान लावून ऐकते. नाही कळत. काहीसुद्धा कळत नाही. म्हणून दर रविवारी सकाळची निपाणीची बस धरते, जाते आणि त्यांच्यासमोर जेवायला बसते.