खुडबुड्यांची टोपलीबाई

आमची काकी खुडबुड्यांबद्दल असं बोलायची, जणू तिचं माहेर त्यांच्याच शेजारी होतं. खुडबुडे म्हणजे कळशीएवढी, मोठ्या कानांची भुतं. राहणार मोहाच्या मुळांत आणि वारुळांत, आणि दिसणार फक्त काकीला. मोहफुलं वेचायला जंगलात गेलो की तिच्या तोंडाला खळ नसे. घरी मात्र बाबांसमोर चकार शब्द नाही. धाकट्या भावाची बायको ना ती, मोठ्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती! सांगायचंच झालं तर माझ्यामार्फत. "नकुशे, तुह्या बाबाले सांग, भात थंडा होऊन राह्यला." बाबा हातभर अंतरावर बसलेले असत.

नकुशी म्हणजे मी, तिसरी मुलगी. घरात कोणी दुष्ट नव्हतं. तिसरीला असं नाव ठेवलं की पाठीवर मुलगा होतो, एवढंच. काकीलाही कोणी नावानं हाक मारत नसे. पोंभुर्ण्याहून आली म्हणून ती पोंभुर्णेवाली.

खुडबुड्यांत असलं चालत नसे. "जल्मल्याबरोबर नाव कायले?" काकी म्हणे. "पह्यले लेकरू काय करते ते तं पाहू द्या!" आधी शिंकला तो शिंकोजी, आईचा कान ओढला ती कानओढी. नाव टोचायला लागलं तर पळसाच्या पानात बांधून वारुळात टाकायचं. त्यानंतर जो ते नाव घेईल त्याला त्या दिवशी जेवण नाही.

मानाच्या पदव्यांचा थाट तर विचारूच नका. माणसांना घाबरवणारा तो ढमराव. पण ढमरावानंही वाकून नमस्कार करावा अशी एकच, टोपलीबाई. आपल्या टोपलीतलं गुपचूप दुसऱ्याच्या टोपलीत टाकते ती. पदवी आपली आपण लावायची नाही, लहानानं मोठ्याला द्यायची. आणि दरवर्षी मोहफुलं गळाली की साऱ्या पदव्याही गळून पडत. "मालगुजारी गेली, पन मालगुजाराची ऐट गेली का?" गावच्या जुन्या जमीनदारावरून काकी डोळे मिचकावून म्हणे. "खुडबुड्यात असता तं दर साली नव्यानं कमवा लागली असती!"

मी हसून लोळत असे. वेचण्यात माझा हात फार सावकाश, तरी घरी निघताना टोपली भरलेली असायची. खुडबुडे मदत करतात, अशी माझी पक्की समजूत होती.

मला शाळेत घालायचं ठरलं आणि मी रडून डोळे सुजवले. मास्तरांसमोर बाबा तेच नाव सांगणार आणि ते जन्माचं चिकटणार. आदल्या दिवशी काकीनं मला वारुळापाशी नेलं, पळसाच्या पानात चिमूटभर माती बांधायला लावली आणि म्हणाली, "टाक. गेलं थे नाव."

सकाळी बाबा जेवायला बसले. भात कालवता कालवता म्हणाले, "नकुशे, चाल लवकर." काकी पुढे झाली आणि तिनं त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"काऊन?" बाबांचा हात तसाच अधांतरी.

"पोरी, तुह्या बाबाले..." काकी अडखळली. मग डोक्यावरचा पदर सावरून आयुष्यात पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली. "थे नाव वारुळात टाकलं. जो घेन त्याले जेवण नाई."

आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. बाबा ना हसले ना रागावले. खाली मान घालून म्हणाले, "मंग काय म्हणू इले?"

"माहं हाय एक," काकी म्हणाली. "लग्न झाल्यापासून कोनं घेतलंच नाई. कोरंच हाय. जाई."

ताट परत बाबांपुढे आलं. शाळेत मी जाई म्हणूनच बसले आणि जन्मभर त्याच नावानं वावरले.

पुढे मी चांद्याला राहायला गेले. काकी गेली तेव्हा मोहाचाच हंगाम होता. अंगणात जो तो म्हणत होता, पोंभुर्णेवाली गेली. मला ते सोसेना. माझी टोपली कोण भरत होतं, हे मला केव्हाच कळलं होतं. सांगायचं मात्र राहून गेलं होतं. मी तिच्या पायांशी बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाई टोपलीबाई." बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

पण पदवी वर्षभराचीच. मोह गळला की तीही गळते. म्हणून दर चैत्रात मी गावी जाते, आम्ही फुलं वेचायचो त्या मोहाखाली उभी राहते आणि तिला ती पुन्हा देते.