शेजारच्या ओमची लाळ

आमच्या लालबागच्या घरात लाजिरवाण्या गोष्टी माळ्यावर टाकतात. माळा केव्हाच भरलाय. कॉलेज सोडलं म्हणून घरची लाज मीच. मग त्या खाली काढायला माझं काय जातंय!

दादा-वहिनीचा बघण्याचा कार्यक्रम. दोघांनाही जाड चष्मे. दादाचा आत्याने काढून ठेवला, वहिनीचा तिच्या आईने. दोघांनी एकमेकांना धड पाहिलंच नाही. म्हणून तर जमलं!

*

त्यांच्या सईला दुसरीत फळा दिसेना. परळच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरात कुणाला लांबचा नंबर?"

बाबांनी आपला चष्मा जिन्यातच खिशात घातला होता. "छे हो! आम्ही मालवणी, मासे खाणारी माणसं."

आणि निघताना रुबाबात दार उघडून थेट टॉयलेटमध्ये शिरले.

*

मॅडम म्हणाल्या, "लाळेतून जीन्स तपासू. नंबर किती भराभर वाढेल याचा अंदाज येतो. मग नंबर आवरायचे डोळ्यांतले थेंब कुणाला, किती, ते मुलागणिक ठरवता येतं. वेळेत आवरला नाही तर पुढे डोळ्याच्या पडद्याला धोका."

आत्याने एवढंच विचारलं, "लग्नाच्या वेळी हे कुणाला कळणार नाही ना?"

"अहो, ती सात वर्षांची आहे!"

"मग? वर्षं सरायला काय लागतं!"

*

मॅडमनी दिवसा बाहेर खेळायला सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "उन्हात काळी पडेल." म्हणून सईला दिवेलागणीला खाली सोडतात. उजेडाचं औषध अंधारात!

*

रिपोर्ट झकास आला. बाबांनी पेढे वाटले. मग मॅडमनी बोलावून घेतलं. "हे सॅम्पल मुलीचं नाही, मुलाचं आहे."

वहिनी रडायलाच लागली. आत्या शांतपणे म्हणाली, "शेजारचा ओम. गॅलरीतून नाक्यावरच्या बसचा नंबर वाचतो पोरगा!"

मला मान वर करवेना. "बाबा, सईचं औषध यावर ठरणार होतं!"

"कॉलेज सोडलेल्याने आम्हाला परीक्षा शिकवू नयेत," बाबा म्हणाले. मॅडमसमोर.

*

मॅडमनी सईची लाळ स्वतः घेतली. म्हणाल्या, "रिपोर्टला वेळ लागेल. तोवर नंबर वाढलाय का बघते. वाढला असेल तर थेंब आजपासूनच."

गेले काही दिवस शुभंकरोतीनंतर आत्या सईकडून काहीतरी घोकून घेत होती. मला वाटलं, पाढे.

सई खुर्चीत बसली. मॅडम म्हणाल्या, "हं, वाच बाळा."

सईने हात जोडले, डोळे मिटले आणि सगळ्यात बारक्या ओळीपर्यंत धडाधड अक्षरं म्हणून दाखवली.

"शाब्बास!" आत्या म्हणाली.

तक्त्याचा दिवा मॅडमनी अजून लावलाच नव्हता.