हजेरीतला चार नंबर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बायको अमावास्येला नारळ फोडते, त्यातलं खोबरं मी खातो, एवढाच माझा त्या खात्याशी संबंध. फायर ब्रिगेडमध्ये अठरा वर्षं काढली, आगीत गेलेली माणसं या हातांनी उचलली. त्यातलं कुणी परत भेटायला आलं नाही. तरीही हे लिहितोय...

भिवंडीतल्या आमच्या स्टेशनात गाडीवरच्या प्रत्येकाला नंबर असतो. आत गेलेली माणसं बाहेर आली की मी हजेरी घेतो. ज्याने-त्याने आपला नंबर ओरडायचा, मी वहीत टिक करायची. ही पद्धत हरीदादाची. तो आमचा सीनियर, चार नंबर. मला कायम बजावायचा, "तोंड बघल्याशिवाय टिक कराची न्हाय. आवाजाचा काय भरोसा?"

मागच्या वर्षी मानकोलीला गोडाऊन पेटलं. धुरात समोरचं दिसत नव्हतं. "चार!" ऐकू आलं आणि मी टिक केली. आवाज शटरच्या आतून आला होता... हरीदादा अजून आतच होता. सगळे बाहेर आलेत असं मीच सांगितलं, म्हणून त्याला शोधायला कुणी गेलं नाही. मग आतले रॅक कोसळले. चूक माझी होती आणि मी ती कुणाजवळ बोललो नाही.

तेव्हापासून चार नंबर आम्ही कुणालाच दिला नाही. हजेरीत तीननंतर थेट पाच.

गेल्या महिन्यात नारपोलीत लूमचा कारखाना पेटला. भर दुपारी. मालक म्हणाला, "सब निकल गए, साहब." आमचीही माणसं बाहेर आली. मी हजेरी सुरू केली. एक. दोन. तीन... पाच नंबरचा सलीम गप्प.

"अरे सलीम, बोल ना!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहब, चार कौन बोला?"

म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. शटरच्या आतून. तोच घोगरा, तोंडात तंबाखू धरलेला आवाज.

पेन वहीवर टेकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण या वेळी टिक केली नाही. मास्क चढवला आणि सलीमला घेऊन आत शिरलो. कापडाच्या ताग्यांमागे एक मजूर पडला होता — बेशुद्ध, पण जिवंत. नंतर दवाखान्यात त्याला विचारलं, तू ओरडलास का? म्हणाला, "मैं तो पहले ही गिर गया था, साहब. आवाज कहाँ से निकलती?"

परवा हरीदादाचं वर्षश्राद्ध झालं. स्टेशनात फोटोला हार घातला, मला बोलायला उभं केलं. त्याची सत्तावीस वर्षांची नोकरी, पुरातून त्याने पाठीवर घेऊन काढलेली म्हातारी माणसं... सगळं सांगितलं. वहीतल्या त्या एका टिकबद्दल मात्र जीभ उचलली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मन घट्ट करून वहिनींसमोर जाऊन बसलो. बोलायच्या आधीच रडू आलं. मग त्याच म्हणाल्या, "भावजी, नका रडू. त्यांचा तुमच्यावर राग न्हाय."

"कशाचा राग, वहिनी?"

"मना काय ठाव... सकालपासून वाटतंय, तुम्हाला येवढं सांगाचं हाय."

तोवर मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. मग सगळं सांगितलं.

हे कसं घडलं, मला माहीत नाही. सलीमलाही नाही. आता हजेरी घेताना मी प्रत्येकाचं तोंड बघतो. तीननंतर मात्र थोडा थांबतो.