सईने आणलेली पेशंट

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पूर्व लंडनमधल्या इल्फर्डच्या आमच्या दवाखान्यात सई आली. नाव बदललंय, आणि हे लिहायची परवानगी तिने आणि तिच्या आईने दिली आहे.

सई चौदा वर्षांची, जन्म इथलाच, त्यामुळे मराठी जरा मोडकंतोडकं. पोटदुखीसाठीची ही तिसरी खेप. रक्त, लघवी, स्कॅन... सगळं नॉर्मल. "शाळा असली की दुखतं, डॉक्टर. सुट्टीत नाही," आई म्हणाली.

तेवढ्यात सईच्या खिशातला फोन वाजला. मेसेजचा साधा बीप... पण पोरगी पांढरीफटक पडली.

या वयाच्या मुलांशी थोडा वेळ एकट्याने बोलायचं, ही आमची पद्धतच आहे. तिच्या आईला बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "फोनवर कोणी त्रास देतंय का गं?"

तिने फोनच माझ्या हातात दिला. वर्गातल्या मुलींचे मेसेज, रोजचे... तिचा फोटो लावून एक वेबपेजही बनवलं होतं. मला पुढे वाचवेना.

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही विचारलं. "नाही. फक्त शाळेत जायला नको वाटते."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"मम्मी फोन काढून घेईल... मग माझा फ्रेंड्स पण जाणार."

तिला विचारूनच आईला आत बोलावलं. वाचता वाचता त्या रडायला लागल्या. मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, आता फोन गेला... पण त्यांनी सईचा हात धरला. "फोन तुझ्याकडेच राहू दे. शाळेत मी येते तुझ्याबरोबर."

उत्तरं देऊ नका, मेसेज पुसू नका, एवढं मी सांगितलं आणि शाळेसाठी पत्र दिलं. हेडटीचरसमोर सईने एकेक मेसेज स्वतः वाचून दाखवला. आवाज कापत होता, पण थांबली नाही, असं तिची आई सांगत होती. आठवड्याभरात ते पेज गेलं, त्या मुलींच्या घरच्यांना बोलावणं गेलं. पोटदुखी हळूहळू ओसरली.

या मंगळवारी सई पुन्हा आली. मी जरा धास्तावलेच... पण या वेळी पेशंट ती नव्हती. बरोबर तिच्या शाळेतली एक मुलगी आणि त्या मुलीचे वडील होते.

"डॉक्टर आंटी, हिला पण असे मेसेज येते. मी हिला सांगितला, तू चल, त्या ऐकतात."

पंधरा वर्षं प्रॅक्टिस करतेय... इतका अभिमान वाटावा असा रेफरल मला आजवर कुठल्याच मोठ्या डॉक्टरने पाठवला नव्हता.