फ्रिजमधला हिमालय

वसईतल्या पापडी गावच्या वाडीत तीन पिढ्या केळी आणि पानवेल लावणाऱ्या आमच्या घराण्यात, ज्याने लावलेला पुदिनासुद्धा जगत नाही असा मी एकटाच निघालो.

तरीही आमच्या गौरीने हिमाचलातून, बर्फाच्या डोंगरावरच्या प्रिम्युला नावाच्या फुलाचं बी माझ्याच नावाने पाठवलं! तिथली नोकरी सोडून लेक मे महिन्यात घरी येणार होती. फोनवर म्हणाली, "पप्पा, डोंगर काही आणता येत नाही. एक रोप तरी घरी दिसू दे." आणि (तिथेच घात झाला!) मी शब्द देऊन बसलो.

हे बी आधी दोन महिने थंडीत ठेवावं लागतं. ओल्या वाळूत कालवून मी श्रीखंडाचे दोन डबे फ्रिजमध्ये सरकवले. एक पुढे, एक लोणच्याच्या बरणीमागे.

"फ्रिजात वाळू?" बायको किंचाळली.

"वाळू नाही, हिमालय आहे तो!"

ऐंशीचे बाबा काठी टेकत फ्रिजपाशी आले. डब्याकडे बघत राहिले.

चौथ्या दिवशी ऑफिसातून येऊन पुढचा डबा चाचपला, तर कोमट! फ्रिजचा काटा थेट शेवटावर नेला. दही गोठलं, कोथिंबिरीच्या काचा झाल्या, डबा कोमटच! मेकॅनिकला दोनदा बोलावलं. "साहेब, फ्रिज एकदम ओके आहे," म्हणत दुसऱ्यांदा त्याने मलाच तपासल्यासारखं पाहिलं.

शेवटी रजा टाकून दाराआड लपलो. दुपारी बाबा आले, डबा उचलला, अंगणातल्या ओट्यावर उन्हात ठेवला आणि काठी घेऊन कावळे हाकत बसले!

"बाबा! अहो, थंडीत ठेवायचंय ते!"

"आणि ऊन कोण दाखवणार? जन्मात कधी ऊन न दाखवता बी पेरलं नाही आपण. रोज परत ठेवतो की जाग्यावर!"

मी कपाळाला हात लावला. आता गौरीला काय तोंड दाखवू? दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात, बाबा पुन्हा ओट्यावर!

दोन महिन्यांनी दोन्ही डब्यांतलं बी वेगवेगळ्या कुंड्यांत पेरलं. बरणीमागच्या, नियमाने गारठवलेल्या डब्यातून काही म्हणता काही उगवलं नाही. बाबांच्या डब्यातून सात कोंब आले!

मे महिन्यात गौरी आली. डबा रात्री फ्रिजात आणि दुपारी उन्हात असायचा हे ऐकून केळीच्या सावलीतल्या त्या कुंडीपुढे बसून हसता हसता रडली. "पप्पा, डोंगरावर अस्संच असतं! रात्री बर्फ, दिवसा कडक ऊन. तुम्हाला कसं सुचलं?"

"यांना?" बायको म्हणाली. बस्स, एवढंच.

वसईच्या उकाड्यात फूल येईल का, देव जाणे. पण बाबांना खात्री आहे. माझ्याबद्दलही त्यांनी आशा सोडलेली नाही. दर रविवारी सकाळी मला ओट्यावर बसवतात. "बस जरा उन्हात. तुलाही फुटेल एखादा कोंब!"